तक्त्यातला हरवलेला रकाना

संगणक-दुरुस्तीच्या पुस्तिकांत शेवटी बहुधा एक तक्ता असतो: डावीकडे लक्षण, उजवीकडे उपाय. चिप फार तापत असेल तर ती बदलावी किंवा तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, बसवावी, असे त्यात सुचवलेले असते. नवशिक्याला अशा तक्त्याचा आधार वाटतो, हे आम्हाला मान्य आहे. पण लक्षण आणि उपाय यांच्यामध्ये कारणाचा रकाना हवा. नेमका तोच तेथे नसतो.

याचा भुर्दंड आम्ही स्वतः भरला आहे. 2006 साली आमच्या प्रयोगशाळेत संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या एका कार्डावरची चिप, बोट ठेववणार नाही इतकी तापू लागली. तक्त्याप्रमाणे आम्ही ती बदलली. नवीही तापली, तीही बदलली. तिसरी तापल्यावर मात्र थांबलो आणि संगणक बंद करून कार्डाची बाहेरची केबल काढली. पुन्हा सुरू केल्यावर चिप थंड! केबलमधल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. त्यामुळे चिपचा एक पाय थेट शून्य व्होल्टला जोडला गेला होता आणि चिप त्यावर 5 व्होल्ट देऊ पाहत होती. अशा वेळी 100 मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तरी 5 × 0.1 म्हणजे अर्धा वॅट उष्णता काही मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात निर्माण होते. दोष केबलचा, शिक्षा चिपला!

उलट प्रकारही असतो. 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा 7805 हा रेग्युलेटर घ्या. त्यातून 140 मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर उरलेल्या 7 व्होल्टमुळे त्यात सुमारे 1 वॅट उष्णता निर्माण होते. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे त्याच्या आतले तापमान हवेपेक्षा सुमारे 65 अंश सेल्सिअसने चढते. खोलीत 30 अंश असतील तर आत 95. बोट पोळेल, पण त्याची मर्यादा 125 अंशांची आहे. तो ठणठणीत आहे!

बोटाला तापमान जाणवते, कारण कळत नाही. कारण शोधायचे तर बाहेरच्या जोडण्या वीज बंद करून एकेक काढून पाहाव्या लागतात, व्होल्ट आणि प्रवाह मोजून त्यांचा गुणाकार करावा लागतो. हा गुणाकार म्हणजेच विद्युतशक्ती, हे आपण शाळेत शिकवतोच. मग बिघाड शोधताना ते विसरायचे का? असा तक्ता हाती आला की शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे: मधला रकाना आखा आणि भरा.