भोवरा आणि सुळी

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने 'माझी आई' या निबंधात लिहिले होते, "तेल घालताना आई म्हणते, तुझ्या डोक्यावर दोन सुळ्या आहेत, तुझी दोन लग्ने होणार!" मी 'सुळ्या'खाली तांबडी रेघ ओढली आणि वर 'भोवरे' लिहिले. त्याच्या आईचे माहेर कानडी आहे, हे मला ठाऊक होते. तरीही ओढली. आपल्याकडच्या कथा वाचताना ती रेघ आता पुन्हा पुन्हा आठवते.

टाळूमागे केस जेथे गोल फिरतात, त्या जागेला मराठीत भोवरा म्हणतात. भोवरा नदीतलाही आणि दोरी गुंडाळून फिरवायचाही. कानडीत त्या जागेला सुळी म्हणतात, आणि पाण्यातला भोवराही सुळीच. संस्कृतातला 'आवर्त' पाण्याचाही आणि केसांचाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त घोड्याच्या अंगावरील आवर्तांवरून शुभाशुभ सांगितले आहे. बैल घेताना भोवरा पाहणारा मराठी शेतकरी आणि सुळी पाहणारा कानडी शेतकरी एकाच बाजारात उभे असतात. दोन लग्नांची समजूतही दोन्ही घरांत सारखीच. मराठी कानाला मात्र 'सुळी' म्हटले की सुळावर देणे आठवते. माझा कान तेथेच अडखळला असावा.

असे शब्द घेतल्याने मराठी बिघडेल, अशी भीती काहींना वाटते. सीमाभागात ती समजण्यासारखी आहे. येथे भाषा हा केवळ व्याकरणाचा प्रश्न कधीच नव्हता. पण अक्का, अण्णा हे शब्द कानडीतूनच आपल्या घरात आले आणि आपलेच झाले. त्यांनी मराठी दुबळी झाली नाही.

याचा अर्थ दिसेल तेथे कानडी शब्द पेरावा, असा नव्हे. स्थानिक रंगासाठी संवादाला कानडीची फोडणी देणारे लेखनही मला तितकेच खोटे वाटते. कसोटी साधी आहे: हा शब्द या माणसाच्या तोंडी खरोखर असतो का? निवेदकाने 'भोवरा' म्हणावे, त्यात काही चूक नाही. पण हुक्केरीकडून आलेली सून तेल घालताना 'सुळी' म्हणत असेल, तर तिच्या तोंडचा शब्द पुसण्याचा अधिकार लेखकाला नाही. आपल्या पुष्कळ कथांतल्या आया पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारख्या बोलतात. त्या वाचून आपल्या घरातले कोणीच आठवत नाही.

त्या मुलाचे वाक्य या कसोटीला पूर्णपणे उतरत होते. शब्द त्याचा नव्हता, आईचा होता, आणि निबंध आईवरच होता. मी अर्धा गुण कापला होता. आज ती वही हाती आली, तर रेघ खोडून तो अर्धा गुण परत देईन.