शाहीर गेल्यानंतरचं गाणं

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) प्रयोगशील माहितीपटांत बसवायचा का, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. कॅमेऱ्याची करामत त्यात फारशी नाही. मुलाखती आहेत, गाणी आहेत, भाषणं तर भरपूर. आम्हाला त्यातला प्रयोग काळाचा वाटतो. एक माणूस कॅमेरा घेऊन चौदा वर्षं वस्त्यावस्त्यांतून हिंडला.

निमित्त काय झालं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाने गोळीबार केला, दहा माणसं गेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. हेच घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये गाताना दिसतात. ते जुनं चित्रण इथे पुन्हा येतं तेव्हा गाणारा नाही, गाणं मात्र आहे. ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानावा का, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास घातले (नंतरच्या वैशेषिकांनी मानला). इथे तो कानाने ऐकू येतो!

आता पथनाट्य, शाहिरी यांचं चित्रण करण्यातली अडचण बघा. रस्त्यावर प्रेक्षक गोल उभा असतो, कधीही त्याच्यावरच प्रश्न येऊ शकतो. पडद्यासमोर तो खुर्चीत निवांत. पटवर्धन मग काय करतात, तर कॅमेरा बघ्यांकडे वळवतात, गाणाऱ्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातात. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे डफावर गातात; पुढे त्यांच्या आईशी घरात गप्पा होतात आणि लेकीच्या गाण्यात किती घर आहे ते कळतं. आपल्याकडे औंढ्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. नामदेवांना कीर्तनाला समोर जागा दिली नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच तिकडे फिरलं. या चित्रपटातला कॅमेरा तसा फिरतो.

सगळीकडे फिरतो का? घोगरे ज्या डाव्या गटात गायचे, त्या गटाने त्यांना काढून टाकलं होतं. मरताना त्यांच्या डोक्याला निळं फडकं होतं. लाल आणि निळ्यातलं हे अंतर चित्रपटाच्या नावातच आहे. पटवर्धन जुन्या साथीदारांना त्याबद्दल विचारतात, हे खरं. पण ज्या सबुरीने ते वस्तीत बसतात, तेवढ्या सबुरीने इथे बसत नाहीत. आणखी खोदायला हवं होतं. तिथे कॅमेरा लवकर उठला, असं आमचं मत आहे.