सावत्रपणाची संकल्पना आणि ‘कुंकू’

‘सावत्र’ या शब्दाचे मूळ ‘सापत्न’ या संस्कृत शब्दात आहे. सापत्न म्हणजे सपत्नीसंबंधी, सवतीचे. मूल आणि वडिलांची दुसरी पत्नी यांच्यातील नाते मराठी भाषा अशा रीतीने दोन स्त्रियांच्या स्पर्धेवरून ओळखते. सुरुची आणि कैकेयी यांच्या कथांत ते सयुक्तिकही आहे. तेथे राण्या हयात आहेत आणि संघर्ष सिंहासनाच्या वारशाचा आहे. तेथील सावत्र आईचा दुष्टपणा हा स्वभावविशेष नसून बहुपत्नीक राजकुलातील हितसंबंधांचा परिणाम होय.

बिजवराच्या घरात ही चौकट मोडते. पहिली पत्नी मृत आणि दुसरी पुष्कळदा सावत्र मुलांच्याच वयाची असते. तरीही ‘दुष्ट सावत्र आई’ हा साचा टिकून राहतो. सावत्र बापाचे चित्रण मात्र तुलनेने विरळ आहे आणि या विषमतेला सामाजिक कारण आहे. पांढरपेशा जातींत विधवाविवाह निषिद्ध होता. 1856च्या कायद्याने तो वैध ठरवला, पण पुनर्विवाहित स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपवला आणि मुलांचे पालकत्व पतीच्या आप्तांकडे सोपवण्याची वाटही ठेवली. पाटाची चाल असलेल्या जातींत सावत्र बाप होता; लेखन प्रामुख्याने ज्यांच्या हाती होते, त्यांच्या घरांत तो नव्हता.

या पार्श्वभूमीवर ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (1937) महत्त्वाचा ठरतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित हा चित्रपट जरठ-बाला विवाहाचा निषेध म्हणूनच बहुधा वाचला जातो. तथापि त्याची खरी गुंतागुंत सावत्र नात्यांत आहे. नीरा काकासाहेबांचे पत्नीपद नाकारते. पण त्यांचा प्रौढ मुलगा तिच्याकडे वासनेने पाहतो, तेव्हा ती त्याला आईच्या अधिकाराने शासन करते. जे नाते तिच्यावर लादले गेले, त्यातील मातृत्वाचा अंशच ती आत्मरक्षणासाठी वापरते. उलट, वयाने मोठी असलेली विधवा सावत्र मुलगी नीरेला आधार देते, म्हणजे आईचे कार्य मुलीकडे जाते. येथे आईपण पदावरून नव्हे, आचरणावरून ठरते आणि सापत्नभावाला जागाच उरत नाही.

चित्रपटाची मर्यादाही येथेच दिसते. काकासाहेब आत्महत्या करून नीरेला पुनर्विवाहासाठी मोकळी करतात. अन्यायाचे परिमार्जन होते, परंतु त्यानंतर नीरा आणि ती मुलगी एकमेकींच्या कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्यांचे नाते ज्या पुरुषामुळे जुळले तो नाहीसा झाल्यावर त्या नात्याला नाव देणारा शब्द चित्रपटापाशी नाही. ‘सावत्र’ हा शब्द तर त्यासाठी सर्वथा अपुरा आहे.