खानाची भूमिका कोण करणार? : शिवकालीन चित्रपटांतील प्रतिनायक, प्रेक्षकांचे तर्क आणि भोर-वेल्हे परिसराचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटाचा आस्वाद चित्रपटगृहात सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात तो बराच आधी सुरू झालेला असतो. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढील भाग येणार असे जाहीर होताच चाहते तर्क लढवू लागतात. या खेपेस खलनायक कोण असेल, त्याची भूमिका कोणाच्या वाट्याला येईल, तो नट त्या भूमिकेस पुरा पडेल काय, असे प्रश्न विचारले जातात. अमेरिकन सुपरहिरोपटांच्या बाबतीत ही प्रवृत्ती विशेष ठळक आहे. 'बॅटमन बिगिन्स' (२००५) या चित्रपटाच्या शेवटी जोकरचा पत्ता दाखविण्यात आला आणि पुढील भागातील खलनायक कोण, हे प्रेक्षकांना कळून चुकले. उरला तो केवळ नटाचा प्रश्न. २००६ मध्ये हीथ लेजरचे नाव जाहीर झाले तेव्हा अनेक चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. 'द डार्क नाइट' (२००८) प्रदर्शित झाल्यावर हेच मत पूर्णपणे बदलले आणि २००९ मध्ये त्या भूमिकेसाठी लेजरला मरणोत्तर ऑस्कर पुरस्कार देण्यात आला.

महाराष्ट्रात या प्रवृत्तीचे सर्वांत जवळचे रूप शिवकालीन चित्रपटांच्या संदर्भात आढळते. दिग्पाल लांजेकर यांनी 'शिवराज अष्टक' ही आठ चित्रपटांची मालिका योजिली. त्यातील 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२) आणि 'सुभेदार' (२०२३) हे चित्रपट प्रदर्शित झाले. प्रत्येक चित्रपटानंतर पुढील प्रसंग कोणता आणि समोरचा शत्रू कोण, याची उत्सुकता निर्माण झाली. रितेश देशमुख यांच्या 'राजा शिवाजी' या चित्रपटातील कलावंतांची नावे २०२५ मध्ये जाहीर झाली, तेव्हाही संजय दत्त कोणती भूमिका करणार याविषयी लगेच तर्क सुरू झाले.

या तर्कांचे स्वरूप काय आहे आणि त्यांत कोणता प्रश्न विचारला जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांचा इतिहास कसोटी म्हणून घेतला आहे. शिवकालीन चित्रपटांत ज्या घटना दाखविल्या जातात, त्यांतील अनेक निर्णय याच खोऱ्यांत घेतले गेले. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानदखोरे ही नावे येथील आहेत. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात आहेत. त्या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.

तर्काचा आधार

सुपरहिरोपटाचा चाहता मुख्यतः दोन आधारांवर तर्क करतो. पहिला आधार कथेतील सूचनांचा आणि दुसरा नटाच्या पूर्वप्रतिमेचा. शिवकालीन चित्रपटात पहिला आधार जवळजवळ नाहीसा होतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा ऐकणाऱ्या श्रोत्यालाही शेवट ठाऊकच होता. त्याचे कुतूहल 'काय घडणार' याचे नसून 'कसे सांगितले जाणार' याचे होते. आजच्या प्रेक्षकाचे कुतूहलही त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की शाहिराच्या आवाजाची जागा आता नटाच्या चेहऱ्याने घेतली आहे.

त्यामुळे दुसऱ्या आधारावर सारा भार येतो. 'शेर शिवराज'मध्ये अफजलखानाची भूमिका मुकेश ऋषी यांनी केली. त्यांची धिप्पाड देहयष्टी आणि त्यांनी रंगविलेले अनेक खलनायक प्रेक्षकांच्या स्मरणात होते. याच नटाने 'सरफरोश' (१९९९) मध्ये सलीम हा प्रामाणिक पोलीस अधिकारी तितक्याच ताकदीने उभा केला होता. खानाची भूमिका ठरताना मात्र ती आठवण उपयोगाची नसते. उपयोगाचा असतो तो देह. 'फत्तेशिकस्त'मधील शाहिस्तेखान अनुप सोनी यांनी, तर 'पावनखिंड'मधील सिद्दी जौहर समीर धर्माधिकारी यांनी साकारला. 'तान्हाजी' (२०२०) मधील उदयभान सैफ अली खान यांच्या वाट्याला आला. 'छावा' (२०२५) मध्ये अक्षय खन्ना यांनी औरंगजेबाची भूमिका आरडाओरडा न करता, संथ आणि दबक्या स्वरात केली. खलनायक आडदांडच असला पाहिजे, या समजुतीला त्या भूमिकेने छेद दिला.

येथे चाहत्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. प्रतिनायक दुबळा असेल तर नायकही खुजा ठरतो, हे त्यांना नेमके कळलेले असते. त्यांची नजरही तीक्ष्ण असते. 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटातील अक्षय कुमार यांचे शिवाजी महाराजांच्या वेशातील पहिले दृश्य २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा झुंबरातील विजेचे दिवे प्रेक्षकांनीच दाखवून दिले. अशा तर्कांना व आक्षेपांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून झटकून टाकता येत नाही. ही एक प्रकारची लोकसमीक्षाच होय.

प्रतिनायकाची संकल्पना

धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाचे वर्णन लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापाचारी व व्यसनी असा नायकाचा शत्रू असे आढळते. रामास रावण आणि युधिष्ठिरास दुर्योधन ही त्याची उदाहरणे होत. या दोन उदाहरणांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. रावण परका आहे. दुर्योधन मात्र घरातला आहे. त्याचा आणि नायकाचा वंश एक, वारसा एक आणि वादही त्या वारशाचाच. पहिल्या प्रकारात संघर्ष सीमेवर होतो, दुसऱ्यात तो उंबरठ्याच्या आत होतो.

सुपरहिरोपटांचे चाहते दोन्ही प्रकारांचा अंदाज बांधतात. 'द डार्क नाइट राइझेस' (२०१२) येण्यापूर्वी बेन हा उघड खलनायक सर्वांना ठाऊक झाला होता. तरीही मारियों कोतियार यांची मिरांडा टेट ही मैत्रीण प्रत्यक्षात शत्रूची कन्या असावी, असा तर्क अनेकांनी केला आणि तो खरा ठरला. समोरच्या शत्रूइतकेच कुतूहल आतल्या शत्रूविषयी होते. मराठी रंगभूमीलाही हा दुसरा प्रकार अपरिचित नाही. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकात कोणी खान नाही. तेथे शिवाजी महाराज आणि संभाजीराजे या पितापुत्रांतील दुरावा हाच नाट्याचा गाभा आहे.

शिवकालीन चित्रपटांच्या प्रदर्शनपूर्व चर्चेत मात्र पहिल्याच प्रकाराचे वर्चस्व दिसते. 'खान कोण करणार?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'खोपडे कोण करणार?' हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

भोर-वेल्ह्याचा दाखला

खंडोजी खोपडे हे उत्रौळीचे देशमुख आणि कान्होजी जेधे हे कारीचे. दोन्ही गावे आजच्या भोर तालुक्यात आहेत. जून १६५९ मध्ये आदिलशाही दरबाराकडून कान्होजींना अफजलखानास सामील होण्याचे फर्मान आले. न मानल्यास वतन आणि जीव दोन्ही धोक्यात होते. परंपरेनुसार कान्होजी आपल्या मुलांसह राजगडी गेले, ते फर्मान महाराजांपुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खानाच्या वधानंतर जेधे व शिळीमकर यांच्या रदबदलीमुळे खंडोजींचा जीव वाचला. परंतु त्यांचा एक हात व एक पाय तोडण्यात आला, असे सांगितले जाते.

प्रतापगडच्या प्रसंगातील खरे नाट्य येथे आहे. खानाच्या निर्णयात नाट्य फारसे नाही. तो दरबाराचा सरदार होता आणि दरबाराच्या आज्ञेने आला होता. निवड करण्याची वेळ आली ती मावळच्या देशमुखांवर. फर्मान एकच, खोरे एकच, वतनाची ओढही एकच. निर्णय मात्र दोन. जेध्यांनी काय सोडले हे समजण्यासाठी खोपड्यांनी काय धरून ठेवले हे समजावे लागते. खोपडे हे पात्र केवळ 'फितूर' या एका शब्दात संपविले, तर कान्होजींचा त्यागही तेवढाच सपाट होतो.

बांदलांचा दाखला याहून बोलका आहे. रोहिड्याच्या बांदलांशी महाराजांचा प्रारंभी संघर्ष झाला, असे परंपरा सांगते. बाजीप्रभू देशपांडे हे त्याच बांदलांच्या पदरी होते. पुढे जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांच्या सैन्याने प्राणांची बाजी लावली आणि मानाच्या पहिल्या पानाचा अधिकार जेध्यांकडून बांदलांकडे आला, अशी आठवण मावळात जपली जाते. कालचा विरोधक आज सहकारी होतो आणि प्राण देतो, याहून समर्थ कथावस्तू कोणत्याही कल्पित मालिकेस मिळणे कठीण.

वंशज आणि पटकथा

असे असूनही या पात्रांभोवती कुतूहल का निर्माण होत नाही? याचे एक कारण साधे आहे. जोकरला वंशज नाहीत. बेनचे गाव नाही, वतन नाही, कुलदैवत नाही. खोपडे, बांदल, जेधे, शिळीमकर ही आडनावे मात्र भोर-वेल्ह्यातील महाविद्यालयांच्या हजेरीपटांवर आजही असतात. येथे खलनायकाची भूमिका कोणाला द्यावी हा केवळ नटाचा प्रश्न राहत नाही. ती भूमिका कोणाच्या पूर्वजास द्यावी, असा तो प्रश्न होतो.

याचा प्रत्यय अलीकडे दोनदा आला. 'हर हर महादेव' (२०२२) या चित्रपटातील इतिहासाच्या मांडणीवर तीव्र आक्षेप घेतले गेले, काही ठिकाणी खेळ बंद पाडण्यात आले आणि मावळातील संबंधित घराण्यांच्या वंशजांनीही नाराजी व्यक्त केली. 'छावा'मध्ये गणोजी व कान्होजी यांना फितूर दाखविल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात आडनावाचा वा गावाचा उल्लेख केला नसल्याचे स्पष्ट केले.

वंशजांची वेदना खोटी नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा डाग आजच्या मुलाच्या आडनावावर पडावा, हे कोणासही मान्य होणार नाही. परंतु तिचा एक परिणाम विचारात घ्यावा लागतो. आतल्या विरोधकाला हात लावणे अडचणीचे ठरले की पटकथेतील सारे दुष्टत्व बाहेरच्या शत्रूवर ढकलले जाते. मग खान हा एका दरबाराचा सरदार राहत नाही. तो एका समाजाचे प्रतीक होऊ लागतो. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमचे नाव सांगितले जाते, हा तपशील अशा मांडणीत निष्प्रभ ठरतो. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा 'छावा'मुळे लोकांच्या भावना जागृत झाल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केला. हिंसाचाराची जबाबदारी चित्रपटावर टाकून मोकळे होता येणार नाही. तथापि पडद्यावरील प्रतिनायक पडद्यापुरता राहत नाही, हे त्यातून दिसून येते. शेजारच्या घराण्याचा डाग टाळण्याची किंमत शेजारच्या दुसऱ्या घराने मोजावी, हा न्याय नव्हे.

एक संभाव्य आक्षेप

चित्रपट हा इतिहासग्रंथ नव्हे, दोन-अडीच तासांत वतनव्यवस्थेची गुंतागुंत मांडता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो काही अंशी योग्य आहे. पण गुंतागुंत मांडणे म्हणजे व्याख्यान देणे नव्हे. एक फर्मान, दोन देशमुख आणि एक रात्र एवढ्या साहित्यावर प्रसंग उभा राहू शकतो. त्यासाठी खोपड्यांच्या भूमिकेस खानाच्या भूमिकेइतकाच समर्थ नट हवा. तो निवडला गेला तर खंडोजी हे भय, लोभ आणि हिशेब यांत सापडलेले माणूस म्हणून दिसतील. अशा चित्रणाने वंशजांचा अवमान होत नाही. अवमान होतो तो पूर्वजास एका शिवीत गुंडाळल्याने.

समारोप

आगामी चित्रपटातील खलनायकाविषयी चाहते जे तर्क करतात, त्यांत चित्रपटाच्या आशयावर परिणाम करण्याची शक्ती असते. निर्माते ती उत्सुकता पाहतात आणि तिला अनुसरून कलावंत निवडतात. म्हणून कोणता प्रश्न विचारला जातो याला महत्त्व आहे. जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली आणि शिवचरित्राच्या कालनिर्णयास नवी दिशा मिळाली. एका मावळी घराच्या दप्तराने हे घडविले. त्याच मावळातील महाविद्यालयांत आज चित्रपटांची चर्चा करणारे विद्यार्थी शिकत आहेत. 'खान कोण करणार?' असे ते विचारतात, तेव्हा त्यांना गप्प करण्याचे कारण नाही. 'आणि खोपडे कोण करणार?' हा पुढचा प्रश्न मात्र अध्यापकांनी त्यांच्यासमोर ठेवावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्यांना फार दूर जावे लागणार नाही. कारी आणि उत्रौळी एकाच तालुक्यात आहेत.