सायलेन्स: पडलेल्या वाऱ्याचा शब्द

'सायलेन्स!' हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो वर्गात, टेबलावर आपटलेल्या डस्टरसोबत. पुढे तो इस्पितळाच्या पाटीवर दिसतो, मग फोन 'सायलेंट'वर जातो. सगळीकडे अर्थ एकच: आवाज बंद. या शब्दावर हा अन्याय आहे. त्याच्या मुळाशी दटावणी नाहीच.

लॅटिनमध्ये गप्प असण्याची दोन क्रियापदं होती. 'टाकेरे' म्हणजे बोलू शकणाऱ्याने न बोलणं; इंग्रजीतला 'टॅसिट' त्यातलाच. 'सिलेरे' मात्र माणसाइतकंच रात्रीचं, वाऱ्याचं, समुद्राचं. पुढे दोघांची सरमिसळ झाली, पण मूळची छटा पुसली गेली नाही. त्यातून 'सिलेन्टिउम' आलं आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत पोचलं. केटो हा रोमन लेखक शेतीची कामं सांगताना अमावास्येच्या चंद्राला 'सिलेरे'पासूनचंच विशेषण लावतो: गप्प चंद्र. या शब्दाच्या चरित्रातलं मला हे सर्वात देखणं पान वाटतं. चंद्राचं बोलणं म्हणजे त्याचा उजेड. तो मिटला की चंद्र निःशब्द.

आणखी एक खूण जर्मॅनिक भाषांत सापडते. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणलं. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली पोथी स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. मार्कच्या शुभवर्तमानात वादळ उठतं, येशू समुद्राला दटावतो. तिथे गॉथिक शब्द आहे 'अफ्दुंब्न', मुका हो. लगेच वारा पडतो, आणि तिथे शब्द बदलतो: 'अनासिलैदा'. यातल्या 'सिल'चं नातं अभ्यासक लॅटिन 'सिलेरे'शी जोडतात. हुकमाला एक शब्द. हुकमानंतर वाऱ्याच्या खरोखर पडण्याला दुसरा. आपला 'सायलेन्स' या दुसऱ्याच्या घरातला.

मराठीत आपण त्याला सरसकट 'मौन' म्हणतो. पण मौन मुनीचं. ते धरावं लागतं, सोडता येतं. वारा मौन धरत नाही, तो पडतो. संस्कृतात 'निवात' म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेतला न हलणारा दिवा अशाच जागी ठेवलेला आहे. आपला 'निवांत' मला त्याच्याच गोतातला वाटतो. भाषांतर करणाऱ्यांना म्हणून एक विनंती: सायलेन्स समोर आला की आधी बघा, गप्प कोण झालंय. माणूस असेल तर मौन लिहा. रात्र किंवा समुद्र असेल, तर निवांत हा शब्द एकदा तरी लावून पाहा.