पित्त झालंय म्हणे

नगर जिल्ह्याशी (आता अहिल्यानगर) घट्ट नातं असलेली दोन आत्मचरित्रं आपण सहसा शेजारी ठेवून वाचत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आलं, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा मोठा काळ नगर आणि राहुरीत गेला. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. एक ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेली बाई, दुसरा महारवाड्यातला मुलगा. या वेळी मी दोन्ही पुस्तकं एका अडचणीपायी पुन्हा उघडली. बुलिमियाबद्दल मराठीत बोलायचं तर कोणत्या भाषेत बोलायचं, ही ती अडचण.

आधी आजाराचं सांगतो. थोड्या वेळात, हात थांबत नाही अशा अवस्थेत खूप खाल्लं जातं. मग वजन वाढेल या भीतीने ते भरून काढायचा प्रयत्न होतो: उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम. आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात. हे नाव १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञाने दिलं. ॲनोरेक्सियात माणूस वाळत जातो, म्हणून निदान घरच्यांना दिसतं तरी. बुलिमियात वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच राहतं. दातांवरचं आवरण झिजतं, गाल सुजल्यासारखे दिसतात, रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कित्येकदा पहिली शंका दातांच्या डॉक्टरला येते.

आपल्याकडे ही शंका यायलाही वाव नाही, कारण आपल्याकडे पित्त आहे. सकाळी घशात बोटं घालून पित्त काढणारे काका-मामा प्रत्येक खानदानात सापडतात. त्यामुळे जेवणानंतर मोरीचं दार लावून घेणाऱ्या मुलीला आई फार तर आलेपाक देते. मुलीचाही प्रश्न सुटतो. ‘पित्त झालंय’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

आता ‘स्मृतिचित्रे’. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या, डोक्यात विटाळाने घर केलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. मीठसुद्धा धुवायचं. (मीठ धुतल्यावर उरतं काय, हा प्रश्न त्या घरात विचारायची सोय नव्हती.) लक्ष्मीबाई हे इतक्या मिश्कीलपणे सांगतात की आपण हसत पुढे जातो. शाळेत असल्या उताऱ्यांना आपण ‘विनोदी’ हा शिक्का मारलेला असतो. मला तो शिक्का आता खटकतो. एका माणसाची भीती अख्ख्या घराच्या ताटावर राज्य करते आहे, आणि घर तिला धर्म म्हणतंय. नानांना आजच्या वैद्यकातलं एखादं नाव चिकटवण्याची मला घाई नाही, ते उचितही नाही. पण अन्नाची भीती सोवळ्याच्या वेशात घरात आली की तिला आजार म्हणायची कोणाची टाप नसते, हे या पुस्तकाइतकं स्पष्ट मी मराठीत दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि ते सोवळं कुठे गेलंय? रील उघडा. ‘क्लीन’ खाणं, ‘चीट’ डे, ‘डिटॉक्स’. शुद्ध, पाप, प्रायश्चित्त. शब्द इंग्रजी, हिशेब नानांचाच. ज्या मनात खाणं म्हणजे बाटणं असं बसलंय, त्याला खाल्लेलं बाहेर काढणं ही शुद्धी वाटली तर त्यात नवल काय?

पुढे लक्ष्मीबाई स्वतः बदलतात. नवऱ्याच्या धर्मांतरानंतरही त्यांनी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवलं होतं. राहुरीत विचार करता करता त्यांना पटलं की जात माणसाने केलेली आहे, आणि त्या कोणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. मराठी गद्यातला हा फार मोठा क्षण आहे. फक्त तो आजाऱ्यापुढे उदाहरण म्हणून धरू नये. रूढी पटण्या-न पटण्यावर सुटते, बुलिमिया तसा सुटत नाही.

‘बलुतं’कडे वळताना मात्र माझी पंचाईत होते. भाकरीच्या तुकड्यांवर आणि मेलेल्या जनावराच्या मटणावर निघालेले दिवस वाचल्यावर, खाऊन उलटी करणाऱ्या आजाराबद्दल कोणत्या तोंडाने लिहायचं? आमच्या मराठी वाचनाने भुकेला एकच अर्थ दिला: मिळत नाही ती भूक. तो अर्थ खराच आहे, नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात तर जास्तच. १९७२ चा दुष्काळ आणि मिलो ज्वारीच्या भाकरी पाहिलेल्या आज्या अजून ताटातलं शीत सांडू देत नाहीत. अशा घरात ‘मी खाल्लेलं ओकून टाकते’ हे वाक्य उच्चारणं म्हणजे आजीचा अपमान. वरून ‘भरल्या पोटाचे चोचले’ हे ऐकायची तयारी ठेवायची.

पण शरीर वर्गभेद असा पाळत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांची स्वप्नं, गप्पा, वाचन सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. बंधन उठल्यावर काहींना खाणं थांबवता येईना, पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागेना. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते याहून फार वेगळं नाही, आपण ते फक्त थट्टेवारी नेतो. उपासमार लादलेली असो की डाएटच्या नावाने स्वतः ओढवून घेतलेली, उपाशी शरीर संधी मिळताच तुटून पडतं. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये मोफत धान्य घ्यायला येणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांच्या घरी अन्नाची चणचण जास्त, त्यांच्यात असं अनावर खाणंही जास्त आढळलं. म्हणूनच बुलिमियाच्या उपचारात, म्हणजे खास त्यासाठी बेतलेल्या वर्तन-उपचारात, पहिली पायरी ऐकायला अगदी साधी असते: ठरलेल्या वेळी, न चुकता जेवायचं. उपास तोडला की पुढची साखळी ढिली होते. बरेच रुग्ण यातून सावरतात.

‘बलुतं’चं खरं देणं मला त्याच्या रचनेत दिसतं. दगडू पवार आपली गोष्ट दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण लाजेने त्याचे दोन झालेले. शहरात नाव झालेल्या पवारांना जे तोंडावर आणता येत नाही, ते दगडू बोलतो. बुलिमिया असलेली माणसं असंच दुहेरी जगतात: चारचौघांत मोजून जेवणारा एक आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्याने खाणारा दुसरा. या दुसऱ्याला बोलतं करायचा साचा मराठीत पन्नास वर्षांपूर्वीच तयार झालाय. आपण तो फक्त समाजशास्त्राच्या कपाटात ठेवून दिला.

कोणी तो उचलला तर एक धोका सांगायला हवा. मार्या हॉर्नबाकर यांच्या ‘वेस्टेड’ (१९९८) या गाजलेल्या आठवणींवर आक्षेप आला की आजारी वाचक ते पुस्तक गाइडसारखं वापरतात: किती वजन, किती कॅलरी, कसं लपवायचं. पवार भुकेचे आकडे देत नाहीत. घराच्या दारात भाकरी मागायला उभं राहिल्यावर मान कुठे जाते, ते सांगतात. लक्ष्मीबाईही धुण्याची कृती शिकवत नाहीत, धुणाऱ्या माणसाच्या घरात राहणं काय असतं ते दाखवतात. बुलिमियावरच्या मराठी पुस्तकात मला तेवढंच हवंय. मोरीचं दार बंद झाल्यावर बाहेर बसलेली आई काय ऐकते, आणि ऐकून न ऐकल्यासारखं का करते.

हे वाचताना कोणाला स्वतःचं किंवा मैत्रिणीचं काही आठवलं असेल, तर पुस्तकाची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर ‘पित्त’ म्हणू नका, उलटी म्हणा.