तिसऱ्या प्रकारची अडचण

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) या चित्रपटाच्या नावात ‘तिसरा प्रकार’ आहे, तर पहिले दोन कुठले, असा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलाच नव्हता. ॲलन हायनेक यांचे ‘द यूफो एक्स्पीरियन्स’ (१९७२) हाती आले तेव्हा उलगडा झाला. उडत्या तबकड्यांच्या हकिकतींचे एका खगोलशास्त्रज्ञाने केलेले वर्गीकरण आणि त्यातला हा शेवटचा कप्पा.

कप्पे एकूण सहा. दुरून दिसलेल्यांत रात्रीचे दिवे, दिवसाढवळ्या दिसलेल्या तबकड्या आणि डोळ्यांना व रडारला एकदमच दिसलेल्या वस्तू. जवळून, म्हणजे साधारण ५०० फुटांच्या आत दिसलेल्यांचे पुन्हा तीन प्रकार : नुसतेच दर्शन, गवत करपणे, मोटारीचे इंजिन बंद पडणे असा काही परिणाम मागे ठेवणारे दर्शन, आणि ज्यात वस्तूबरोबर कुणी सजीवही दिसतो ते.

ताऱ्यांची प्रतवारी त्यांच्या प्रकाशावरून, म्हणजे ताऱ्याच्याच गुणधर्मावरून होते. हायनेक त्याच शिस्तीत वाढलेले. इथे मात्र रात्र की दिवस, लांब की जवळ, डोळा की रडार, हे सगळे बघणाऱ्याच्या बाजूचे आहे. हे वस्तूंचे नव्हे, साक्षींचे वर्गीकरण आहे. काही वाचकांना ही पळवाट वाटेल. मला हाच या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. अमेरिकी हवाई दलाचे ते १९४८ पासून सल्लागार. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९६९ मध्ये गुंडाळले गेले तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित होत्या. तिथली रीत उत्तरापासून सुरू होणारी : शुक्र असेल, फुगा असेल, विमान असेल. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही दर्शनांचा संबंध खुद्द हायनेक यांनीच पत्रकारांसमोर दलदलीतल्या वायूशी जोडला आणि देशभर हसे झाले. सांगणाऱ्याचे आधी पुरते ऐकून घ्यायचे, हा १९७२ मधला आग्रह मला त्या दिवसाचे प्रायश्चित्त वाटतो.

पण तिसऱ्या प्रकाराशी येताच आग्रह डळमळतो. वैज्ञानिक प्रामाणिकपणाला बाध न येता हा भाग गाळता आला असता तर आनंदाने गाळला असता, अशी कबुली ते देतात. मग कुंपण घालतात : परग्रहवासीयांशी आपली मैत्री आहे, त्यांचे संदेश आपल्याला येतात, असे सांगणारे ‘संपर्कवाले’ बाहेर. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शुक्रवासी भेटल्याचे सांगणारा जॉर्ज ॲडम्स्की याच पंथातला. उलट न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोचा पोलीस लॉनी झामोरा आत. २४ एप्रिल १९६४ रोजी भरधाव मोटारीचा पाठलाग सोडून तो एका आवाजाच्या दिशेने गेला. त्याला अंड्यासारखी वस्तू आणि पांढऱ्या कपड्यांतल्या दोन लहानखुऱ्या आकृती दिसल्या. जमिनीवर खळगे आणि जळालेली झुडपे सापडली, हे खरे. तरी त्या आकृती पाहणारा तो एकटाच होता, आणि एकट्याच्या साक्षीला हायनेक यांची पद्धत एरवी कमी गुण देते.

ॲडम्स्कीवर माझाही काडीचा विश्वास नाही. मुद्दा वेगळा आहे. इथे कप्पा ठरवताना अंतर मोजलेले नाही. सांगणाऱ्याचा पेशा आणि त्याची सांगण्याची ढब मोजली आहे. झामोरा बिचकत, तुटक बोलतो. ॲडम्स्की प्रवचन करतो. कमी सांगणारा खरा, ही कसोटी वाङ्मयीन आहे. ती वापरायला माझी हरकत नाही, पण ती वापरतो आहोत असे हायनेक यांनी कुठेतरी म्हणायला हवे होते. तसे न म्हटल्यामुळेच पुढच्यांचे फावले. पळवून नेल्याच्या कहाण्यांसाठी इतरांनी ‘चौथा प्रकार’ जोडला, आणि साक्षींच्या कप्प्यांचा जिना झाला.

चित्रपटाच्या शेवटी यान उतरते, तेव्हा जमलेल्या शास्त्रज्ञांमधून दाढीवाले, पाइप ओढणारे एक गृहस्थ नीट दिसावे म्हणून दोन पावले पुढे येतात. ते स्वतः हायनेक. त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही.